नंदुरबार ते मुंबई, चार मिलिसेकंद

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. नंदुरबारहून मुंबई रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. केबल रस्त्याच्या कडेनेच गेली आहे असं धरलं, तर निरोप मुंबईला पोचायला दोन मिलिसेकंद आणि उत्तर परत यायला दोन. निसर्गाने एवढाच वेळ मागितला आहे. मग शहाद्यात किंवा तळोद्यात बीजीएमआय खेळणाऱ्या मुलाच्या पडद्यावर पिंग ऐंशी, एकशेवीस, मधूनच चारशे का दिसतं? उरलेले मिलिसेकंद कुठे जातात?

त्यांचा माग काढला तर बरेचसे घरातच सापडतात, आणि घरात सापडलेले बहुतेकदा फुकट परत मिळवता येतात. पण नेट अडकलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: मोठा प्लॅन मारायचा. चाळीस एमबीपीएसचे शंभर होतात, महिन्याचं बिल वाढतं, आणि रात्री नऊ वाजता स्क्वॉड जमला की खेळ पुन्हा तिथेच अडकतो. घरचे म्हणतात पैसे वाया गेले. खरोखरच गेलेले असतात.

याचं कारण खेळाच्या गरजेत आहे. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळाला तासाभरात साधारण शंभर एमबीच्या आसपास डेटा लागतो. तेवढ्याच वेळात चांगल्या प्रतीचा व्हिडिओ जीबीच्या वर खाऊन टाकतो. व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये पाच सेकंद नेट गेलं तरी आपल्याला कळतही नाही. खेळाला ही सोय नाही. तुम्ही पुढच्या क्षणी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कोणीच आधी उतरवून ठेवू शकत नाही. म्हणून खेळ छोटे छोटे निरोप अखंड पाठवत राहतो. व्हॅलोरंट या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची स्थिती नव्याने मोजतो, म्हणजे जवळपास दर आठ मिलिसेकंदांनी. हे निरोप यूडीपी नावाच्या पद्धतीने जातात. त्यात हरवलेला निरोप पुन्हा मागवण्याची यंत्रणा नसते, कारण तो परत येईपर्यंत शिळा झालेला असतो.

म्हणून आकडे तीन पाहायचे. जाऊन-येऊन लागणारा वेळ म्हणजे पिंग. पिंग किती वरखाली होतं ते जिटर. आणि शंभरातले किती निरोप पोचलेच नाहीत तो पॅकेट लॉस. स्पीड टेस्टवरचा ठळक आकडा या तिन्हींत नाही.

तिन्हींत जिटर जास्त छळतो, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९९६ साली जॉन कारमॅक यांच्या इड सॉफ्टवेअर कंपनीने क्वेकवर्ल्ड आणलं. मूळ क्वेक इंटरनेटवर खेळताना टेलिफोनच्या मोडेमवर असलेल्या माणसाने बटण दाबलं, की सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत त्याचा गडी जागचा हलत नसे. कारमॅकनी त्यावर तोड काढली: सर्व्हरची वाट न पाहता खेळाडूच्या संगणकाने स्वतःच अंदाज बांधून गडी हलवायचा, आणि उत्तर आल्यावर फरक असेल तर दुरुस्त करायचा. पुढे २००१ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या याह्न बर्नियर यांनी सर्व्हरच्या बाजूची युक्ती सविस्तर मांडली. तुम्ही गोळी झाडलीत त्या क्षणी तुमच्या पडद्यावर काय दिसत होतं, हे पाहायला सर्व्हर तेवढा काळ मागे जातो आणि मग नेम लागला की नाही ते ठरवतो. भिंतीमागे गेल्यावरही आपण मारले जातो आणि आपण चिडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. समोरच्याच्या पडद्यावर आपण अजून भिंतीबाहेर होतो.

आज आपण खेळतो त्या बहुतेक खेळांच्या पोटात या दोन युक्त्या कोणत्या ना कोणत्या रूपात आहेत, आणि दोन्हींना एकच गोष्ट हवी असते: उशीर झाला तरी चालेल, पण दर वेळी तेवढाच व्हावा. पिंग सतत सत्तर असेल तर खेळ तो उशीर सांभाळून घेतो. तीस, दोनशे, चाळीस, तीनशे असं नाचलं की अंदाज चुकतात आणि गडी मागे फेकला जातो. नंदुरबारमधल्या खेळाडूला मुंबईतल्या खेळाडूएवढं कमी पिंग कदाचित मिळणार नाही. स्थिर पिंग मात्र मिळू शकतं, आणि त्याच्या मागे लागणं जास्त शहाणपणाचं आहे.

आधी मोजायचं. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट किंवा फोनवर पिंग मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या. पहिल्यांदा आपल्याच राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ असा काहीतरी असतो आणि राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला करा, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. दोन्ही वेळा निदान शंभर निरोप जाऊ द्या. राउटरच एका खोलीच्या अंतरावरून कधी तीन तर कधी नव्वद मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर दोष तुमच्या वायफायचा आहे. कंपनीला फोन लावून उपयोग नाही. आणखी एक गोष्ट इथेच तपासा. पिंग स्थिर आहे पण पडदा मात्र अडखळतोय, असं असेल तर नेटवर्क निर्दोष आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, फोन तापतो आणि तापलेला फोन स्वतःच आपला वेग कमी करतो. त्यावर राउटरची कोणतीही सेटिंग चालत नाही. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा.

वायफाय ही सामायिक हवा आहे. एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं असा त्याचा नियम. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. नंदुरबार शहरातल्या दाट वस्तीत शेजारच्या दहा राउटरांनी तीच वाटून घेतलेली असतात, आणि ब्लूटूथचे इअरफोनही त्याच पट्ट्यात बोलतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, पण त्याच्या लहरी भिंतीतून कमी जातात. राउटर त्याच खोलीत असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झलाच जोडा. दोन्ही पट्ट्यांना राउटरमध्ये वेगळी नावं द्या, म्हणजे फोन आपल्या मनाने उड्या मारणार नाही. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ५ गिगाहर्ट्झ पोचतच नसेल, तर २.४ वर राहा, पण चॅनेल आपोआप निवडायला न देता तिन्हींतलं सर्वांत मोकळं स्वतः निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पत्र्याचं छप्पर लहरी परतवून लावतं. कुडाच्या भिंती मात्र त्यांना सहज वाट देतात. म्हणून पाड्यावरच्या घरात राउटर पत्र्याला चिकटवून उंच टांगण्यापेक्षा माणसाच्या उंचीवर भिंतीला लावलेला बरा. आणि संगणकावर किंवा कन्सोलवर खेळणाऱ्याने हे सगळं सोडून एक लॅनची वायर ओढावी. एवढा खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

आता घराबाहेरच्या लाइनीकडे. इथे एक दोष आहे जो घराघरांत असतो आणि ज्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी खेळ छान चालू असतो, तेवढ्यात आईचा फोन दिवसभराचे फोटो गूगल फोटोजवर चढवायला लागतो आणि पिंग चाळीसवरून पाचशेवर जातं. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीच्या हंगामात गाड्यांची रांग लागते, ती डोळ्यांसमोर आणा. कोणी फक्त एक चिठ्ठी द्यायला मोटरसायकलवर आला असेल, पण आत जायचं फाटक एकच असेल आणि त्यालाही लाल मिरचीने भरलेल्या पिकअपांच्या मागेच उभं केलं, तर चिठ्ठी आत पोचायला दुपार होईल. फोटो हे पिकअप, खेळाचा निरोप ही चिठ्ठी. राउटर आणि मोडेम बनवणाऱ्यांनी एकही निरोप सांडू नये म्हणून आत मोठमोठे साठे ठेवले, आणि रांग लांबत गेली.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. अमेरिकेतले जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या लाइनीवर तो पकडला आणि जगासमोर आणला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. रांग किती लांब आहे हे न पाहता निरोप रांगेत किती वेळ उभा आहे हे पाहायचं, आणि वेळ फार झाला की मोठ्या प्रवाहाला आवर घालायचा. पुढे त्यात प्रत्येक प्रवाहाला स्वतःची रांग देण्याची सोय जोडली गेली. डेव्ह टाट यांच्यासारख्या माणसांनी हे काम अनेक वर्षं नेटाने पुढे नेलं आणि ते सर्वांसाठी खुलं ठेवलं. आज स्वस्तातल्या अनेक राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चढवता येते आणि तिच्यात हा उपाय एसक्यूएम या नावाने मिळतो.

तुमच्या घरी हा दोष आहे का ते दोन मिनिटांत कळतं. बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा. आकडा थोडाफार वाढला तर चिंता नाही, कित्येक पटींनी वाढला तर दोष आहे. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस असेल तर चढाईची आणि उतरणीची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. लाइनीचा थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते आणि राउटर खेळाला पुढे काढू शकतो. ही सोय नसेल तर साधा उपाय: घरातल्या सगळ्या फोनांचा फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्री उशिरा ठेवा, ॲपची आपोआप अपडेट बंद करा. माझ्या मते नंदुरबारमधल्या राउटर असलेल्या घरांतल्या निम्म्या तक्रारी या एका परिच्छेदाने मिटाव्यात.

फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्याकडेही एकदा पाहा. त्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली असते. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ हे बहुतेक यंत्रांचं टोक. त्याच्या जवळ असेल तर कुठेतरी तार जास्त वाकली आहे किंवा जोड खराब झाला आहे, आणि अशा लाइनीवर निरोप गळतात. फायबरवाल्याला बोलावताना हा आकडा सांगा. दुसरं म्हणजे वीज. लाइट क्षणभर गेली तरी डबा आणि राउटर पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतात आणि तोवर सामना गेलेला असतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस याला पुरतो. इन्व्हर्टर लागत नाही.

काही सेटिंग अशा आहेत की त्यांच्यावर मुलं तासन्‌तास घालवतात आणि हाती काही लागत नाही. पहिली डीएनएस. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी वही. खेळ सुरू होताना ती एकदा उघडते, नंतर निरोप थेट पत्त्यावर जातात. डीएनएसच्या जागी १.१.१.१ टाकल्याने लॉगिन थोडं लवकर होईल. सामन्यातलं पिंग त्याने हलत नाही. दुसरी पोर्ट फॉरवर्डिंग. आशिया-पॅसिफिक विभागातला जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपला. त्यामुळे बऱ्याच कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे उभं करतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही त्या रांगेत आहात, आणि तिथे पोर्ट उघडून काही होत नाही. पण घाबरू नका. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, व्हॅलोरंट हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना तुमचं पोर्ट उघडं लागत नाही. घरच्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवून मित्रांना बोलवायचं असेल, किंवा कन्सोलवर मित्रांशी थेट जोडायचं असेल, तेव्हाच हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा आधी आयपीव्ही६ चालू आहे का ते पाहा. त्यात भारत जगात आघाडीवर आहे. त्यानेही भागलं नाही तरच जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मागा.

तिसरी ‘पिंग बूस्टर’ ॲप आणि मोफत व्हीपीएन. कंपनीचा रस्ता मुंबईऐवजी दूरवरून वळसा घालत असेल तर चांगला व्हीपीएन क्वचित तो वळसा वाचवतो. एरवी तो एक थांबा वाढवतो, आणि मोफत असेल तर तुमच्या सगळ्या वाहतुकीवर अनोळखी माणसाची नजर पडते. खेळातल्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रदेश तेवढा नीट निवडा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक यांचे सर्व्हर मुंबईत आहेत. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे प्रकाशालाच जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद लागतात. ते कोणतंही ॲप वाचवू शकत नाही.

जिल्ह्यातले बहुतेक खेळाडू मात्र फायबरवर नाहीतच, सिमच्या डेटावर खेळतात. तिथे पहिल्यांदा रेंजच्या काड्या विसरा. फोनच्या सेटिंगमध्ये सिमची स्थिती उघडली की डीबीएममधला खरा आकडा दिसतो. उणे ९० किंवा त्याहून वर असेल तर चांगलं, उणे ११० च्या खाली खेळ अवघड. घरातल्या घरात दोन खिडक्यांत दहा-पंधराचा फरक पडतो, म्हणून खेळायची जागा हा आकडा पाहून ठरवा. ५जी मधूनच दिसत-लपत असेल तर नेटवर्कचा प्रकार फक्त ४जी ठेवा. प्रत्येक अदलाबदलीत निरोप हरवतात. वायफाय कमजोर झाला की आपोआप मोबाइल डेटावर जाणारी सोय खेळताना बंद ठेवा. दुसऱ्या सिमवर फोन आला की अनेक फोनांत पहिल्या सिमचा डेटा थांबतो, तेव्हा सामन्यापुरतं ते सिम बंद करणं बरं. हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर वायफायऐवजी यूएसबीच्या तारेने जोडा, हवेतला एक टप्पा वाचतो.

नवापूरला वेगळीच गंमत आहे. तिथलं रेल्वे स्थानक निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. लहरींना ती रेघ दिसत नाही. फोन कधी दूरसंचाराच्या महाराष्ट्र मंडळाचा टॉवर पकडतो, कधी गुजरात मंडळाचा, आणि मंडळ बदलताना जोडणी तुटून पुन्हा उभी राहू शकते. सीमेवरच्या गावांत नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता हाताने एकाच मंडळावर पक्की करा.

सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, प्रश्न सेटिंगच्या पलीकडचा आहे. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लांब लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात, २३०० च्या फारशा वळत नाहीत. त्यामुळे एकाच कंपनीचं सिम तोरणमाळच्या पठारावर चालतं आणि खालच्या दरीतल्या पाड्यात मुकं होतं. जिथे टॉवरच भूस्थिर उपग्रहाने जोडलेला असेल, तिथे निरोपाला ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली यायचं असतं, उत्तरालाही तेवढंच. पिंग पावणेपाचशेच्या खाली येणं भौतिकशास्त्रालाच मान्य नाही.

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळासाठी एवढं कशाला. पण देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. आज त्याच आधारची ओळख पटवायला रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की तोही एक छोटासा निरोपच दूरच्या सर्व्हरकडे जातो. त्याला वेग लागत नाही, वेळेवर उत्तर लागतं. तो अडकला की बाई धान्याविना उभी राहते. खेळणाऱ्या पोराला जे नेटवर्क हवं आहे, अगदी तेच तिलाही हवं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने उपग्रहाने इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, तेव्हा गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबारचं नाव घेतलं गेलं. त्यांचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे उपग्रहाची ती जुनी अडचण तिथे उरत नाही. दर किती आणि कोणाला परवडेल, हा प्रश्न निराळा.

तोवर मैदानी तालुक्यांतल्या खेळाडूने एक वही करावी. आठवडाभर सकाळी सातला आणि रात्री नऊला राउटरचं, कंपनीच्या पहिल्या टप्प्याचं आणि ८.८.८.८ चं पिंग लिहून ठेवावं. कंपनीचा टप्पा ट्रेसरूट नावाच्या आज्ञेने राउटरच्या लगेच नंतर दिसतो. राउटर दोन्ही वेळा शांत आहे आणि कंपनीचा टप्पा फक्त रात्रीच चढतो, असं वहीत दिसलं, तर दोष त्यांच्या भरलेल्या लाइनीत आहे. ग्राहक सेवेला फोन करून हे आकडे सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरणही ठेवायचं असतं. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच तक्रार क्रमांकावर तिथे अपील करता येतं, आणि त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.